अंगदनं तपासलेली फाइल

चौसाळ्यात हायवेला लागून अर्जुनरावांचं वर्कशॉप आहे. तिथं विहिरीच्या मोटारींचे पॅनल बनतात. पॅनलच्या पोटात नखाएवढी चिप असते, आणि त्या चिपनं कसं वागायचं हे पाच वर्षं अंगद ठरवत आला. सगळा प्रोग्रॅम त्यानं एकाच फाइलमध्ये कोंबला होता, चार हजार ओळींचा. त्यात काय कुठं आहे ते एकट्या अंगदला ठाऊक, आणि खरं सांगायचं तर त्यालाही शोधावंच लागायचं. पण वायर जोडायची चिपची एक पिन बदलायची झाली तरी अर्जुनरावांची हाक यायची ती अंगदलाच. त्या हाकेची त्याला चटक लागली होती.

मग पुण्यात दोन वर्षं नोकरी करून नेकनूरची प्रियदर्शनी इथं कामाला लागली. आल्या आल्या तिनं ती फाइल फोडली. पिनांची हेडर फाइल, म्हणजे बाकीच्या फायली जिच्यातून नावं-आकडे घेतात ती यादी, वेगळी, सेन्सरची वेगळी, मोटारीची वेगळी. ज्याला जे लागेल त्यानं तेवढीच यादी उघडायची. आठवड्याच्या आत सोल्डरिंग करणारे हनुमानभाऊ, ज्यांनी जन्मात कोड लिहिला नव्हता, पिनांची यादी उघडून आकडा बदलायला लागले.

"अंगद, आता तुला सारखं उठवायचं काम न्हाई बघ," अर्जुनराव कौतुकानं म्हणाले.

अंगद हसला, पण आतून नुसता जळफळाट चालला होता. तिचं काम वाईट असतं तर त्याला दोन घास जास्त गेले असते. काम चांगलं होतं, हीच तर पंचाईत होती.

नव्या पॅनलचं काम अर्थात तिलाच मिळालं. ते बसवायच्या आदल्या दिवशी ती लॅपटॉप घेऊन अंगदकडं आली. "दादा, तुमी एकदा नजर टाका. तुमच्याइतकं हे कुणाला कळत न्हाई."

पाचव्या मिनिटाला त्याला चूक दिसली. पाणी संपल्याची खूण ठेवणारं व्हेरिएबल तिनं सेन्सरच्या हेडरमध्येच मांडलं होतं, पुढं 'स्टॅटिक' लावून. तो शब्द नसता तर एकच नाव दोनदा आलं म्हणून कंप्युटरनं कटकट केली असती; ती बंद करायलाच तिनं तो लावला असणार. कटकट बंद झाली, पण आता हेडर घेणाऱ्या प्रत्येक फाइलला त्या खुणेची आपापली प्रत मिळणार होती. सेन्सर आपल्या प्रतीत 'पाणी संपलं' लिहिणार, आणि मोटारीची फाइल स्वतःची कोरी प्रत बघत मोटार चालवत राहणार.

सांगायला एक वाक्य पुरलं असतं. जिभेवर आलंही होतं. पण पडू दे एकदा तोंडघशी, असं त्याच्या मनानं घेतलं.

"ठीक हाय," तो म्हणाला.

पहिलं पॅनल अर्जुनरावांच्याच विहिरीवर बसलं. चौथ्या दिवशी दुपारी विहिरीतलं पाणी संपलं, मोटार तशीच चालत राहिली आणि जळाली. अर्जुनराव तणतणत वर्कशॉपात आले. "कावून थांबली न्हाई ती?"

प्रियदर्शनीचा चेहरा उतरला. "चूक माझीच हाय, काका. पण कुठं हाय ते सापडंना."

अंगद याच घडीची वाट बघत होता. तो ऐटीत तिच्या खुर्चीवर बसला, सेन्सरची हेडर उघडली, ती ओळ खोडली. व्हेरिएबल एका फाइलमध्ये एकदाच मांडलं, हेडरमध्ये त्याचा नुसता उल्लेख ठेवला. दोन मिनिटांत काम फत्ते. अर्जुनरावांनी त्याच्या पाठीवर थाप मारली. "याला म्हणतात जुना माणूस!"

ते बाहेर गेले. प्रियदर्शनी स्क्रीनकडं न बघता त्याच्याकडं बघत होती. "सात फायली हायत, दादा. तुमी दुसरी एकबी उघडली न्हाई."

अंगद तिच्या खुर्चीवरून उठला. तिनं अर्जुनरावांना काही सांगितलं नाही. सांगितलं असतं तर बरं झालं असतं, निदान भांडता तरी आलं असतं.

पुढच्या आठवड्यात आणखी एका पॅनलच्या फायली तयार झाल्या. ती लॅपटॉप घेऊन उठली तशी अंगदनं शेजारची खुर्ची सरकवून ठेवली. ती तिथं थांबलीच नाही. सरळ हनुमानभाऊंच्या टेबलापाशी जाऊन बसली.

"भाऊ, मी एकेक ओळ समजावून सांगते. जिथं पटणार न्हाई तिथं मला अडवा."

"मला काय कळतंय त्यातलं, ताई?"

"न कळलं तर न्हाई कळलं म्हणून सांगाल ना? तेवढं बास हाय."

हनुमानभाऊंनी चष्मा पुसला आणि पहिल्या ओळीखाली बोट धरून अडखळत वाचायला सुरुवात केली. अंगद आपल्या जागेवरून त्या बोटाकडं बघत राहिला, आणि जन्मात पहिल्यांदा त्याला हनुमानभाऊंचा हेवा वाटला.