हिंटरमाटचे रहिवासी

हाइनर वुंडर्ली हिंटरमाट गावात राहतात, असं कागदावर होतं. गावाचं मत निराळं होतं, पण ते कुणी विचारलं नव्हतं.

त्याचं असं झालं. बाहेरच्यांनी सुट्टीपुरती घरं बांधून सगळा डोंगर भरून टाकला आणि वर्षातले बरेच महिने गावात नुसती कुलपं दिसायला लागली, तेव्हा कायदा आला. इथं नवं घर बांधायचं तर इथंच राहायला हवं. वुंडर्लींचा जीव मात्र नेमका चर्चच्या वरच्या उतारावर जडला होता. झुरिचमध्ये नळ आणि शॉवर विकून त्यांनी गडगंज कमावलं होतं, कारखाना विकून मोकळे झाले होते आणि आता उरलेलं आयुष्य बर्फात काढायचं म्हणत होते. उरलेलं म्हणजे वर्षातले चार-पाच आठवडे, तेही हवा चांगली असली तर. त्यांनी सरळ हिंटरमाटच्या मतदार यादीत नाव घातलं, 'मी इथला रहिवासी' असं लिहून दिलं आणि शॅले, म्हणजे तिथल्या धाटणीचं लाकडी घर, उभं केलं.

शॅले कसलं, प्रकरणच होतं ते. गावातले जुने गोठे विकत घेऊन, मोडून, त्यांच्या काळवंडलेल्या फळ्या भिंतींना लावलेल्या. फरशी खालून गरम, स्कीचे बूट ऊबदार ठेवायला वेगळं कपाट, तळघरात दारू, आणि बाहेर सज्जात बर्फाच्या मधोमध वाफाळता टब. त्यात पाहुणे गळ्यापर्यंत बुडून बसायचे, समोरच्या शिखरांकडे बघायचे आणि इथलं आयुष्य किती साधं आहे म्हणायचे.

आता राहत असल्याचा काही पुरावा हवा. त्याची व्यवस्था वुंडर्लींनी यंत्रावर सोपवली होती. ते झुरिचमध्ये असले तरी इकडे रोज संध्याकाळी ठरल्या वेळी दिवाणखान्यातला दिवा लागे, मग जिन्यातला, मग झोपायच्या खोलीतला, आणि शेवटी सरसर पडदे ओढले जात. ऑगस्टमध्ये तर हे सगळं लख्ख उन्हात चालायचं. गावातल्या दुकानात बायका म्हणायच्या, "चला, पडदे झोपले. घरी जाऊया."

हिंटरमाटच्या पंचमंडळात पद मागून मिळत नाही, मानगुटीवर बसतं. शाळेच्या व्यायामशाळेत सभा भरते, हात वर होतात आणि ज्याचं नाव निघेल त्याला चार वर्षं राबावं लागतं. म्हातारा, आजारी किंवा गावात न राहणारा असेल तरच सुटका. त्या हिवाळ्यात पाणी-सांडपाण्याचं पद रिकामं झालं. मार्ता फुररने दोन खेपा ते सांभाळलं होतं आणि तिला त्याचा वीट आला होता. सगळे आपापल्या बुटांकडे बघत बसले, तेव्हा तीच उठली.

"वुंडर्लींना घ्या की," मार्ता म्हणाली. "इथंच तर राहतात."

सभा हसली, आणि हसता हसताच सगळे हात वर गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी झुरिचमध्ये फोन वाजला. "हाइनर, अलोइस रेग्ली बोलतोय, गावचा अध्यक्ष. अभिनंदन. पाणी आणि सांडपाणी आता तुझ्याकडे."

वुंडर्ली आधी त्या 'तुझ्याकडे'पाशीच अडखळले. बायको सोडली तर त्यांना असं कुणी बोलत नसे. "माफ करा, आपण—"

"आपण-बिपण सोड आता. पंचमंडळात सगळे अरेतुरेच करतात. रीत आहे."

वुंडर्ली तडक गाडी काढून वर आले. अलोइस आपल्या चीजच्या कारखान्यात दुधाची भली मोठी कढई ढवळत होता. मार्ताही चीज घ्यायच्या निमित्ताने तिथं उभी होती.

"माझी तब्येत बरी नसते," वुंडर्ली म्हणाले. "गुडघे गेलेत."

"रविवारी स्कीवर वरच्या कड्यावरून सुसाट खाली आलास, ते गुडघे घरी ठेवून?"

"मग मी देणगी देतो. शाळेला, चर्चला, म्हणाल त्याला."

"चर्चला देव आहे," मार्ता म्हणाली. "पाण्याला माणूस नाहीये."

"अहो, पण मी इथं राहत तरी—" वुंडर्लींनी जीभ चावली.

अलोइसचा हात कढईत थांबला. "राहत नाहीस?" त्याने फार प्रेमाने विचारलं. "तसं सांग की. एक ओळ लिहून दे, लगेच नाव काढतो. मग तुझ्या घराचं काय करायचं ते कायदा बघेल."

आता शॅले वाचवायचं तर राहावं लागणार होतं आणि राहायचं तर राबावं लागणार होतं. वुंडर्लींनी मुकाट्याने हात पुढे केला. मार्ताने खिशातून किल्ल्यांचा जुडगा काढून त्यावर ठेवला आणि पोरीसारखी हलकी होऊन म्हणाली, "ही मोठी, झऱ्याच्या टाकीची. दार अडतं. लाथ घातली की उघडतं."

फेब्रुवारीत शाळांना स्कीची सुट्टी लागली आणि डोंगर माणसांनी फुलून गेला. वुंडर्लींकडेही त्यांच्या पत्नी व्हेरेनाबाईंनी पाहुणे बोलावले होते. एक बँकेचे संचालक, त्यांची पत्नी आणि झुरिचचा एक खास आचारी. सकाळी संचालकीणबाई दिवाणखान्यातल्या भिंतीवरून हात फिरवत "काय पोत आहे हो या लाकडाचा!" म्हणत होत्या, तेवढ्यात अलोइस बर्फाच्या बुटांनिशी आत आला.

"ही आमच्या गोठ्यातली फळी," तो बाईंना म्हणाला. "आमची फ्लोरा इथंच ढुंगण घासायची. म्हणून तर एवढी गुळगुळीत झालीय." बाईंनी हात काढून घेतला. मग तो वुंडर्लींकडे वळला. "हाइनर, टाकीतलं पाणी तळाला गेलंय. खालच्या घरांत नळाला नुसती हवा येतेय. चल."

वुंडर्ली कुरकुरत वर चढले. दाराला लाथ घातली. आत झरा थंडीने आकसून बोटाएवढा झाला होता आणि टाकीतून बाहेर जाणाऱ्या पाइपात मात्र पाणी घोंघावत होतं. ते कुठं जातंय हे कुणी सांगायची गरज नव्हती. खाली उतारावर एकेका शॅलेच्या सज्जातून वाफ निघत होती. त्यातल्या निम्म्या टबांच्या तोट्या वुंडर्लींच्याच कारखान्यातल्या होत्या. कमीत कमी वेळात जास्तीत जास्त पाणी ओतणारी तोटी, अशी त्यांनीच तिची जाहिरात केली होती.

गावाला वाटलं होतं की माणूस इथं तोंडघशी पडेल. पण वुंडर्ली पाइपाला कान लावून उभे राहिले आणि त्यांना आनंद झाला, अगदी उघड उघड झाला. कारखाना विकल्यापासून त्यांना काही दुरुस्त करायला मिळालं नव्हतं.

ते खाली आले ते हुकूम काढूनच. बर्फ वितळेपर्यंत गावातले सगळे टब बंद. सुरुवात घरापासून केली. सज्जात संचालक टबात बसून दूरची शिखरं न्याहाळत होते.

"हाइनर," थोड्या वेळाने ते म्हणाले, "पाणी कमी होतंय का?"

"होतंय," वुंडर्ली म्हणाले.

आधी संचालकांचे खांदे उघडे पडले, मग पोट. गुडघे दिसायला लागल्यावर ते उठले आणि आत गेले. पाहुण्यांनी सामान बांधलं. आचारीही त्यांच्याच गाडीत बसला.

"आपण इथं आरामासाठी येतो, हाइनर," व्हेरेनाबाई कोट घालत म्हणाल्या. "या लोकांची गटारं उपसायला नाही. मी निघाले. तुझं डोकं ताळ्यावर आलं की ये."

त्या संध्याकाळी गावाच्या खानावळीत वुंडर्लींना कुणी बिअरचे पैसे देऊ दिले नाहीत. मार्ताने त्यांच्या पाठीवर थाप मारली. श्रीमंतांच्या टबांतलं पाणी श्रीमंताच्याच हातून सोडवल्याचा आनंद गावाच्या पोटात मावत नव्हता.

पण वुंडर्ली थांबले नाहीत. झुरिचचा माणूस, त्यात नळवाला. एक पाइप हाती आला की दुसऱ्या टोकाला काय आहे ते बघितल्याशिवाय त्याला चैन कसं पडणार? ते फावडं घेऊन पाइपांमागे निघाले. पाइप पाद्रीबुवांच्या अंगणातल्या कारंज्यापाशी गेला, जे आजवर कधी बंदच झालं नव्हतं. खानावळीच्या मागे गेला, जिथं भांड्यांचं पाणी थेट ओढ्यात पडत होतं. अलोइसच्या कारखान्याचं आंबट पाणी आजोबांच्या काळापासून त्याच ओढ्यात जात होतं. आणि मार्ताच्या परसात तर ट्राउट माशांचं एक सुरेख तळं निघालं. मीटरच्या अलीकडूनच जोडलेलं. आपल्या कारकिर्दीत या पाणीवाल्या बाईंना ते कधी दिसलं नव्हतं.

प्रत्येकाला स्वच्छ झुरिची भाषेत नोटीस गेली. खाली मुदत, आणि मुदतीच्या दिवशी दारात वुंडर्ली.

"पोरा, देवाचं पाणी आहे ते," पाद्रीबुवा म्हणाले.

"देवाचं झऱ्यापर्यंत," वुंडर्ली म्हणाले. "पुढे माझं."

वसंत आला. व्हेरेनाबाई दर रविवारी फोन करून विचारायच्या, "कधी येतोयस?" वुंडर्ली म्हणायचे, "टाकी धुऊन झाली की येतो." टाकी धुऊन झाली, तेव्हा जुना पाइप फुटला. मध्ये कधीतरी दिव्यांचं यंत्र बंद पडलं, पण तेही त्यांच्या ध्यानात आलं नाही. दिवे आता ते स्वतःच नको त्या वेळी लावायचे, पडदे तर कुणी ओढतच नव्हतं. दुकानातल्या बायकांना घरी कधी जायचं ते कळेना.

मे महिन्यात एका दुपारी अलोइस आणि मार्ता शॅलेच्या दारात उभे राहिले. अलोइसने टोपी काढली होती आणि बगलेत चीजचा मोठा गोल होता. टबात पाइपांचे सांधे आणि वायसर भरलेले होते. वुंडर्ली चुलीपाशी उभे राहून मॅकरोनीत बटाटे घालत होते, सफरचंदाचा मुरंबा शेजारी निवत ठेवला होता.

"वुंडर्लीसाहेब," अलोइसने सुरुवात केली.

"साहेब कशाला? हाइनर म्हण."

"म्हणजे असं की... गावाला वाटतं, आपण फार कष्ट घेतलेत. आता विश्रांती घ्यावी."

"राजीनामा देता येत नाही ना," वुंडर्ली ढवळत म्हणाले. "म्हातारा, आजारी, नाहीतर गावात न राहणारा. गावाचाच नियम आहे."

"तेच म्हणतोय मी," अलोइस घाईने म्हणाला. "एक ओळ लिहून द्या, की तुम्ही इथं राहत नाही. घराला आम्ही हात लावणार नाही. कायद्याला कळणारसुद्धा नाही, गावाचा शब्द. सुट्टीला या, पाहुणे आणा, टब भरा."

"काठोकाठ भरा," मार्ता म्हणाली. "आम्ही खाली बादल्या भरून ठेवू."

वुंडर्लींनी चूल बारीक केली. हिवाळ्यात याच सुटकेसाठी त्यांनी शाळेला, चर्चला, म्हणाल त्याला देणगी द्यायची तयारी दाखवली होती. शॅले, बर्फ, टब, व्हेरेना, सगळं परत मिळत होतं, आणि राबायचं काहीच नव्हतं. ते खिडकीतून बाहेर बघत राहिले. खाली ओढा वाहत होता आणि त्याचा वास येत नव्हता.

"असं कसं लिहून देऊ, अलोइस?" ते म्हणाले. "खोटं होईल ते."

वुंडर्लींनी कपाटातून तीन थाळ्या काढल्या.

"बसा, जेवूनच जा. आणि मार्ता, तळ्याची मुदत शुक्रवारी संपतेय. मी सकाळीच येईन."