सहा पावांचं पोट

मी एक जुनी फळी आहे. वारज्यात कांताबाईंच्या स्वयंपाकघरात, ओट्याच्या वर, दोन खुंट्यांवर आडवी बसले आहे. बसले म्हणायचं एवढंच. अंगात स्वस्थपणा कधी आलाच नाही. मित्रांनो, हसायचं तर आत्ताच हसून घ्या, कारण एके काळी मी पोट होते. तेही ऐऱ्यागैऱ्याचं नव्हे, सिनेमातल्या हिरोचं.

माझा जन्म वखारीतला. शाळेचं तोंड मी पाहिलं नाही. जे शिकले ते उन्हात उभं राहून शिकले. कसबा पेठेत उत्तरेश्वर पेंटर राहायचे. थिएटरपुढे उभे करायचे ते मोठाले लाकडी हिरो त्यांच्या हातचे. एका फळीवर डोकं, एकीवर छाती, एकीवर पाय, आणि मधोमध मी. पहिल्यांदा माझ्यावर त्या काळचा एक नायक आला. पांढरा सदरा, सदऱ्याच्या आत चांगलं भरलेलं गोल पोट, आणि पट्ट्याला बांधलेला लाल रुमाल. तो रुमाल म्हणजे त्याची खूण. पेंटरांनी तो सदरा जवसाच्या तेलात रंग घोटघोटून, मन लावून रंगवला. बायका वर बघायच्या आणि पदर तोंडाला लावायच्या. त्या गोल पोटाला कुणी नाव ठेवलं नाही. उलट म्हणायच्या, खात्यापित्या घरचा दिसतो.

सिनेमा उतरला, मी माळ्यावर गेले. वर्षानुवर्षं धूळ खाल्ली.

मग दिवस पालटले. घरोघर केबल आली, पेठेतली पोरं कॉम्प्युटरच्या क्लासला जाऊ लागली, आणि हिरोंनी सदरे काढून टाकले. देशात पैसा आला म्हणतात; मग अंगावरचे कपडे का गेले, ते मला अजून कळलेलं नाही.

असाच एक नवा उघडा हिरो आला. सिनेमा लागायला एक दिवस राहिला होता आणि पेंटरांकडे आलेला फोटो एवढासा, त्यात पोटाच्या जागी नुसता काळोख. नवी फळी आणायला वेळ नव्हता. त्यांनी मला माळ्यावरून ओढलं आणि सरळ पांढऱ्या सदऱ्यावरच कातडीचा रंग फासला. आता पोट कसं काढायचं? समोर कागदात सहा पावांची लादी होती, चहाबरोबर खायला आणलेली. पेंटरांनी एकदा लादीकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे, आणि कुंचला उचलला. दोन-दोन पावांच्या तीन ओळी, मधल्या फटींत तपकिरी रंग.

त्यांच्या बायकोनं, कौशल्याबाईंनी, दारातून डोकावून विचारलं, "अहो, माणसाला असं पोट असतं का?"

"हल्ली असतं म्हणे."

"कुठं?"

"टीव्हीवर."

अशी मी झाले. थिएटरपुढे उभी राहिले आणि काय सांगू, शिट्ट्या, हार, नारळ! पोरं खाली उभी राहून स्वतःचे शर्ट वर करायची, एकदा माझ्याकडे बघायची, एकदा खाली. मग चेहरे पाडून शर्ट खोचायची. मला वरून ओरडावंसं वाटे, अरे बाबांनो, ही बेकरी आहे! पण फळीला तोंड नसतं. पोटालाही नसतं.

त्या पोरांत कांताबाईंचा अभय होता. वय तेविसाच्या आसपास, नुकताच कॉम्प्युटरच्या कंपनीत लागलेला. अंगानं बापासारखा, हाडापेरानं चांगला, पोटाला जरा मऊ. सिनेमा उतरला तेव्हा त्या हिरोच्या चाहत्यांचं जे मंडळ होतं, त्यातल्या पोरांनी हिरोची वाटणी केली. कुणी डोकं नेलं, कुणी छाती. अभयनं मला स्कूटरला दोरीनं बांधलं आणि वारज्याला आणलं.

दारात कांताबाई उभ्या. "हे काय आणलंस?"

"आई, हे त्याचं पोट आहे."

"मग बाकीचा माणूस कुठाय?"

बाहेरच्या खोलीत एका भिंतीवर बुद्धांची आणि बाबासाहेबांची तसबीर होती. अभयनं मला बरोबर समोरच्या भिंतीवर ठोकलं. कांताबाईंच्या कपाळाची शीर उडाली. "बाबासाहेबांनी बजावलं होतं, माणसाला देव करू नका. तू तर अख्खा माणूसही नाही केलास, नुसतं पोट केलंस! पोटपूजाच करायची तर स्वतःच्या पोटाची कर. भाकरी गार होतीय."

तिथून भाकरी गारच होत राहिली. आधी भाकरी सुटली, मग भात. मग डब्यात उकडलेल्या अंड्यांचा नुसता पांढरा भाग. व्यायामशाळेतून आल्यावर तो माझ्यासमोर उभा राहायचा, शर्ट वर करायचा, श्वास ओढून धरायचा. धाकटी बहीण पायल म्हणायची, "दादा, सोड श्वास, निळा पडलायस." तो चिडायचा. भीमराव, म्हणजे त्याचे वडील, पेपराआडून बघायचे. आणि मी भिंतीवर तळमळायचे. चांगल्या घरचा पोरगा माझ्याशी स्वतःला ताडून बघत होता, आणि मी कोण? लादीपाव!

एक दिवस बातमी आली की तोच हिरो पुण्यात एक जिम उघडायला येणार. मंडळातला एक पोरगा मंचावर जाऊन, उघड्या अंगानं, त्याला हार घालणार. अभयचं नाव निघालं. झालं! जिममधल्या कुणी शहाण्यानं कानमंत्र दिला, शेवटचे दिवस मीठ बंद कर, पाणीही बंद कर, म्हणजे कातडी आत ओढली जाते आणि घड्या उठून दिसतात. पोरानं ते वेदवाक्य मानलं. ओठ फुटले, डोळे खोल गेले. कांताबाई तांब्या घेऊन मागे फिरायच्या. "घोटभर तरी घे रे." तो म्हणायचा, "आई, प्लीज, फक्त उद्यापर्यंत."

तो उद्या उजाडला. सकाळी अभय अंगाला तेल लावून माझ्यासमोर आला. श्वास ओढला. मी पाहिलं, त्याच्या पोटावर खरंच रेघा उठल्या होत्या. तो हसला. आणि हसता हसताच सरळ खाली गेला. डोकं खुर्चीच्या काठावर आपटलं.

"अहो, धावा!" कांताबाईंची ती हाक मी अजून ऐकते. शेजाऱ्यांनी उचलून रिक्षात घातलं. घर रिकामं झालं आणि मी एकटी, समोर बुद्धांचे मिटलेले डोळे. त्या दिवशी मला आग लागली असती तर बरं झालं असतं.

पोरगा वाचला. सलाइन लावलं, डॉक्टर त्याला ओरडले, भीमरावांनाही ओरडले. पण घरी आल्यावरही तो ताट बाजूला सारायचा. "खाल्लं तर सगळं परत येईल," म्हणायचा. डोळे माझ्यावर. डॉक्टरांनी सांगितलं होतं, हा खाणार नसेल तर परत इथंच आणावं लागेल. भीमराव दारात उभे राहून नुसते घसा खाकरायचे.

कांताबाईंनी तिसऱ्या ताटानंतर पदर खोचला. मला भिंतीवरून उपसलं. मला वाटलं, आता बंबात जाते. पण पुण्यात राहून चांगलं लाकूड जाळील ती कांताबाई कसली! "फळी मजबूत आहे," त्या म्हणाल्या. "घासून काढते. डबे ठेवायला होईल."

"आई, नको!" अभय खाटेवरून उठायला गेला. उठता आलं नाही.

"गप पड. एवढंसं पोट वाचवायला उठता येत नाही, आणि निघाला हिरो व्हायला."

त्याच्या डोळ्यांदेखत त्यांनी माझ्यावर रॉकेल ओतलं आणि काथ्यानं घासायला सुरुवात केली. दुखलं हो, खोटं कशाला बोलू? पण वरचा रंग घाईचा होता, पातळ. एक पाव गेला, दुसरा गेला. खालचा जुना रंग पक्का, तो हलेना. कांताबाईंचा हात एकदम थांबला.

"अगं बाई!"

"काय झालं?" भीमराव पुढे आले.

सहा पावांच्या खालून पांढरा सदरा वर आला होता. सदऱ्याच्या आत गोल, भरलेलं पोट. पट्ट्याला लाल रुमाल.

कांताबाई मटकन खाली बसल्या आणि हसायला लागल्या. डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसल्या. "अभय, हा बघ तुझा हिरो! ह्या रुमालावर आमच्या वस्तीतल्या पोरी जीव टाकायच्या. मी पण. आणि तुझे बाबा मला बघायला आले ना, तेव्हा कमरेला लाल रुमाल बांधून आले होते. मला वाटलं, ह्यांना सर्दी आहे!"

"कांता, पोरांसमोर काय हे," भीमराव म्हणाले. कान मात्र लाल झाले होते. मग खाटेजवळ बसून ते हळूच अभयला म्हणाले, "पोट नव्हतं रे तेव्हा मला. हडकुळा होतो. त्याच्यासारखं दिसावं म्हणून सदऱ्याच्या आत टॉवेल गुंडाळला होता."

पायल किंचाळलीच. अभय माझ्याकडे बघत होता, अर्धं नवं, अर्धं जुनं पोट. मग त्याला हसू आलं, आणि हसताना पोटात कळ आली, आणि तो म्हणाला, "आई, पाणी दे."

कांताबाईंनी पाण्यात चिमूटभर मीठ आणि साखर घातली. "घे. आणि ह्यापुढे टॉवेल अंग पुसायला वापरायचा, ह्या घरात."

मित्रांनो, तेव्हापासून मी ओट्यावर आहे. मिठाची बरणी माझ्या अंगावर, शेजारी पाण्याचा हंडा. अभय अजूनही कधीकधी पाणी प्यायला येतो, आजूबाजूला कुणी नाही बघून शर्ट वर करतो. माझा जीव तेवढ्यापुरता वर जातो. मग तो शर्ट सोडतो आणि बरणी उचलून भाजीला मीठ जास्तीचं घेतो.

आता म्हणे चौकाचौकांत कापडावर छापलेले हिरो लागतात. कॉम्प्युटर त्यांची पोटं रंगवतो. त्यांना रॉकेल लागत नाही, काथ्या चालत नाही, आणि खाली कुणाचा सदरा होता ते कुणालाच कळणार नाही. म्हणून माझी झोप उडते. तुमच्यातल्या कुणाच्या भिंतीवर असं पोट लटकत असेल तर ते उतरवा म्हणत नाही. एवढंच करा. त्याच्यासमोर उभं राहण्याआधी जेवून या.