कड्यावर लोंबकळलेला मुलगा

शिक्षकांच्या खोलीतले वाचनाचे सामने अंतिम फेरीला पोचले आणि खेळाच्या बाईंनी सुचवलेल्या पुस्तकाला आता कुणी भीक घालेनासं झालं.

नियम साधा होता. मोठ्या मुलांसाठीची दोन पुस्तकं समोरासमोर ठेवायची. प्रत्येकाची एकच प्रत सगळ्या शिक्षकांत फिरायची. वाचून झालं की आतल्या कार्डावर सही करायची आणि शेवटी हात वर करून मत द्यायचं. जिंकेल ते नववीच्या कपाटात, हरेल ते दुकानात परत.

एका बाजूला मोठ्या बाईंचं, म्हणजे मुख्याध्यापिकांचं लाडकं पुस्तक होतं: डोंगर चढणारा गुणी मुलगा. दुसऱ्या बाजूला खेळाच्या बाईंचं: जिचे वडील तुरुंगात आहेत अशी मुलगी. असलं काही मुलांच्या हाती द्यायचं नसतं, असं मोठ्या बाईंनी आधीच सुनावलं होतं. खेळाच्या बाई ते ऐकून आतून पेटल्या होत्या. त्यांचे स्वतःचे वडील सात वर्षं आत होते. शाळेत असताना त्यांनी 'बाबा परगावी नोकरीला' अशी थाप मारली होती आणि ती आजतागायत निभावली होती. त्या वयात असं एखादं पुस्तक हाती लागायला हवं होतं, हे त्यांना राहून राहून वाटे.

मतदानाच्या आधी त्यांनी डोंगरवाल्या मुलाचं पुस्तक नीट वाचायला घेतलं. समोरच्याचा खेळ बघून ठेवावा, ही मैदानावरची सवय. तर शहाण्णवाव्या पानानंतर एकदम एकशे तेरावं. मधली सोळा पानं बांधणीतच गळालेली. मुलगा कड्यावर लोंबकळत होता, आणि पुढच्या पानावर घरी बसून दूध पीत होता. कार्डावर मात्र अकरा सह्या. त्यातली एक त्यांचीच, पहिल्या फेरीत घाईघाईत ठोकलेली. त्यांना स्वतःची लाज वाटली.

"हा कड्यावरून खाली कसा आला, कुणी सांगेल का?" त्यांनी भर बैठकीत विचारलं.

गणिताचे सर चष्मा पुसायला लागले. बाकीच्यांना एकाएकी तपासायच्या वह्या आठवल्या. बाईंनी पुस्तक उघडून पानं दाखवली, लाल पेनने आपली सही खोडली आणि कार्ड पुढे सरकवलं. गणिताच्या सरांनी मुकाट्याने आपली खोडली, मग एकेकाने. मोठ्या बाईंनी कार्डाला हातही लावला नाही. यंदाचे सामनेच रद्द, दोन्ही पुस्तकं परत, असं सांगून त्या मोकळ्या झाल्या.

"मुलीचं पुस्तक परत जाणार नाही. मी विकत घेतेय," खेळाच्या बाई म्हणाल्या. "नववीचा शेवटचा तास माझा असतो."

"त्या तासाला कवायत घ्यायची असते," मोठ्या बाई म्हणाल्या.

"उद्या मुलं बसून ऐकतील. तुम्हाला वर कळवायचं असेल तर खुशाल कळवा."

दुसऱ्या दिवशी नववीचा वर्ग मैदानाच्या कडेला भिंतीच्या सावलीत बसला. मोठ्या बाई खिडकीत येऊन उभ्या राहिल्या. खेळाच्या बाईंनी पहिलं वाक्य वाचलं: माझे बाबा तुरुंगात आहेत. मागच्या रांगेत कुणीतरी फिदीफिदी हसलं.

बाईंनी पुस्तक खाली घेतलं. त्यांनी आवाज लावला तो कवायतीचा, थेट खिडकीपर्यंत पोचणारा.

"माझेही होते," त्या म्हणाल्या, आणि दुसरं वाक्य वाचायला घेतलं.