कोपऱ्यातली उलटी टीप

हातमोजे चढवायला नुकतेच शिकणाऱ्या मित्रांनो, शस्त्रक्रियागृहातल्या कपाटाचा सगळ्यात खालचा खण कधीतरी उघडून बघा. तिथे मी आहे. मी एक जुना चिमटा, बोटाएवढ्या लांबीचा, टोकाशी जरासा वाकलेला. सुटलेली रक्तवाहिनी पकडायची, दाते अडकवायचे आणि टाका पडेपर्यंत सोडायची नाही, एवढंच माझं काम. माझ्या जातीचं नाव मॉस्किटो. त्यामुळे आमचे मोठे डॉक्टर हात पुढे करून म्हणत, "सिस्टर, डास द्या बघू. चावतो, पण रक्त वाचवतो."

मला घडवणाऱ्या कारागिराने माझी टोकं मिटवून खिडकीशी धरली होती. मधून उजेड दिसला नाही, तेव्हाच त्याने मला पेटीत ठेवलं.

कामाआधी आम्हाला हिरव्या कापडात गुंडाळून वाफेवर निर्जंतुक करत. ती कापडं समोरच्या गल्लीतला शिंपी शिवायचा. प्रत्येक कोपऱ्यात तो मशीन थांबवून टीप उलटी फिरवायचा आणि पुन्हा पुढे न्यायचा. कितीही वाफ खाल्ली तरी त्याच्या कापडाचा धागा सुटला नाही. त्याचा चेहरा मी पुष्कळ नंतर पाहिला. हात मात्र आधीपासून ओळखत होतो.

माझी खरी परीक्षा व्हायची ती मोठ्या माणसांच्या सुंतेत. पुढची कातडी घट्ट होऊन मागे सरकेनाशी झाली की ती काढावी लागते. वरची बाजू सरळ असते. पण खाली, मधोमध, कातडीला टोकाशी जोडणारा एक नाजूक बंध असतो. त्यात बारीकशी धमनी असते आणि तिच्या लगेच खाली मूत्रमार्ग. मोठे डॉक्टर मला तिथे अलगद लावत. सुई धमनीच्या खालून, पण मूत्रमार्गाच्या वरून नेत आणि गाठ मारत. मग रक्त अडवायला मुळाशी बांधलेली रबरी पट्टी सोडत आणि चक्क थांबत.

"आता काय बघताय, सर?" हाताखाली शिकणाऱ्या धाकट्या डॉक्टरांनी एकदा विचारलं.

"रक्त परत आलंय. त्याला बाहेर यायचं असेल तर आपल्यासमोरच येऊ दे," मोठे डॉक्टर म्हणाले. "घरी जाऊन आलं, तर पेशंट बिचारा कुणाला दाखवणार?"

पुढे मोठ्या डॉक्टरांच्या डोळ्यांनी दगा दिला आणि टेबल धाकट्यांकडे आलं. ते हुशार होते. हातही चांगला होता. फक्त थांबणं त्यांना जमत नसे.

आणि एके दिवशी टेबलावर शिंपी आला. वय चाळिशीकडे झुकलेलं. थोरल्या बहिणीने खटपट करून त्याचं लग्न जमवलं होतं, त्याआधी हे उरकायचं होतं. भीती लपवायला तो बोलत राहिला.

"डॉक्टर, माप नीट घ्या हं. कापड जास्त कापलं गेलं तर मी काहीतरी जोड देतो. तुम्ही काय देणार?"

सिस्टर हसल्या. "बहिणीला सांगितलंय ना, कसलं ऑपरेशन ते?"

"मांडीला गळू झालंय म्हटलं. ताईला हे कसं सांगायचं?"

बंधापाशी मी धमनी धरली. सिस्टरांनी सवयीने सुई पुढे केली. "नको, करंटने भागेल," धाकटे डॉक्टर म्हणाले आणि रक्तवाहिनी जाळून बंद करणारी विजेची कांडी टेकवली. पट्टी अजून आवळलेलीच होती, त्यामुळे रक्त नव्हतंच. जागा कोरडी दिसली. पट्टी सुटली आणि त्याच हाताने वर बँडेज गुंडाळलं गेलं. बाहेर पुढचा रुग्ण वाट बघत होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी शिंप्याला उचलून आणलं. ओठ कागदासारखे पांढरे. बँडेजवर त्याने स्वतःच्या दुकानातल्या चिंध्या थरावर थर गुंडाळल्या होत्या आणि सगळ्या भिजल्या होत्या. बहीण दारातूनच ओरडत होती, "बाथरूमची कडी लावून बसला होता हो! गळूतून एवढं रक्त येतं का? अरे, मी तुला अंगाखांद्यावर खेळवलंय, माझ्यापासून काय लपवतोस?"

"ताई, तू बाहेर जा," तो पुटपुटला. "तुझ्या पाया पडतो."

धाकट्या डॉक्टरांनी भराभर चिंध्या सोडल्या. रक्ताच्या डबक्यात धमनी दिसेना. मला लावून शोधायला हवी होती. त्यांनी पुन्हा कांडीच घेतली, खोल टेकवली आणि दाबून धरली. मांस जळल्याचा वास आला. रक्त थांबलं. खाली मूत्रमार्गही भाजला होता, ते मात्र त्या दिवशी कुणाला दिसलं नाही.

दिसलं ते खपली पडल्यावर. लघवी खाली पडलेल्या भोकातून गळू लागली. ते शिवायला त्याला पुन्हा टेबलावर घेतलं. टाके उसवले. परत शिवलं, परत उसवले.

"जळक्या कापडात सुई जाते, डॉक्टर," तो छताकडे बघत म्हणाला, "पण दोरा धरत नाही."

धाकट्या डॉक्टरांनी मान खाली घातली. "मोठ्या हॉस्पिटलात चिठ्ठी देतो. तिथे प्रयत्न करतील."

बाहेरच्या बाकावर बहीण बसली होती. दार उघडंच होतं. "मुलीकडच्यांना काय सांगू रे?" तिने विचारलं. आवाजात राग उरला नव्हता.

"सांग, मुलगाच नको म्हणाला."

त्यानंतर माझे दाते झिजले आणि मला खणात टाकलं. मित्रांनो, मला परत टेबलावर न्या, असं मी म्हणत नाही. बंधापाशी पोहोचलात की मात्र घाई बाजूला ठेवा. धमनी नजरेने शोधा, टाक्याने बांधा, खाली काय आहे ते विसरू नका. पट्टी सोडल्यावर थांबा. आणि त्या माणसाला घरी धाडण्याआधी, रक्त आलं तर लाज न बाळगता कुणाला हाक मारायची, हे त्याच्याशी बोलून घ्या.

परवा सिस्टरांनी माझ्या खणात नव्या हिरव्या कापडांचा गठ्ठा ठेवला. शिवण त्याचीच आहे. प्रत्येक कोपऱ्यात मशीन थांबलंय, टीप उलटी फिरलीय आणि मगच पुढे गेलीय.