लिटर आणि वरचं

उदाहरण: मिरजगाव, १९९४. दुसरीचा वर्ग. जयमालाबाईंची नोकरी अजून पक्की व्हायची होती, आणि ती आज तपासणीला आलेल्या साहेबांच्या शेऱ्यावर अवलंबून होती. साहेबांनी विचारलं, "एका लिटरात अर्ध्या लिटरची मापं किती?"

उत्तर (निकिताचं): "दोन. आन् वरचं."

"वरचं म्हणजे?"

"दोन मापं झाली की गवळी वर थोडं घालतोच की. न्हाई घातलं तर आई लई भांडती."

बाईंनी डोळे मिटून घेतले.

कृती: साहेबांनी लिटरच्या बाटलीत स्वतः दोन मापं पाणी ओतलं. बाटली काठोकाठ भरली. "बघ. आता वरचं कुठं मावणार?"

निकितानं बाटली उचलली, गटागटा दोन घोट घेतले आणि पुढं केली. "आता घाला, सायेब."

साहेबांनी मुकाट्यानं घातलं.

ताळा: पोरं हसत असताना साहेबांनी बाईंना हळूच विचारलं, "तुमचा गवळी वरचं किती घालतो?"

"अर्धं फुलपात्र."

"आमचा थेंबसुद्धा घालत नाही हो!"

आणि त्यांनी शेरा लिहिला: 'वर्ग व्यवहारात साहेबांच्या पुढे. बाईंना कायम करावं.'