बाराखडीने लावलेलं पाणी

"काकाजी, गेट बंद करा. गोदावरीबाईचं पानी सोमवारीच झालं, मोबाईल दाखवून राहिला," भुपेंद्र म्हणाला.

तलावाच्या काठावर टिकारामने गेटचा दांडा सोडला नाही. गोदावरीबाई समोरच उभी होती, हातात आपल्या धानाच्या बांधीतलं वाळकं ढेकूळ घेऊन.

"झालं तं हे काय हाये?" तिने ढेकूळ पुढे केलं. "धान पोटरीत हाये माहा. आता पानी नाई भेटलं तं दाना नाई भरत."

टिकाराम अड्याळजवळच्या एका गावाचा पाणकर. तलावाचं पाणी कोणाच्या बांधीत कधी सोडायचं, हा त्रेसष्ट शेतकऱ्यांचा क्रम एकतीस वर्षं त्याच्या डोक्यात होता. कोणाची पाळी कधी चुकली नव्हती. पण पाणीवापर संस्थेचा सचिव झाल्यावर भुपेंद्रला हा कारभार मागासलेला वाटला. त्याने ऑनलाइन शीटमध्ये नावं भरली, त्याला फुकटातलं ॲप जोडलं आणि लिंक गावभर वाटली. चाळीस जणांनी एकदम उघडलं की नुसतं चक्र फिरत बसायचं. दोघांनी एकदम नोंद केली की एकाची गायब. काही बोलावं तर, "काकाजी, जमाना बदलला." जळो तो जमाना!

भुपेंद्रची पुतणी मनाली भंडाऱ्याला कॉम्प्युटर शिकत होती, सुट्टीत घरी आली होती. तीही काठावर आली होती. तिने काकाच्या मोबाईलवर शीट पाहिली आणि कपाळावर हात मारला.

"काका, नावं बाराखडीनं लावली का तुमी?"

"हो. शोधाले सोपं जाते."

"नावाचाच रकाना निवडला तुमी. नावं वरखाली झाली, पाळ्या जागच्या जागीच राहिल्या. धनंजयकाकाचं झालेलं पानी गोदावरीआजीच्या नावापुढं लागलं."

"मंग जुनं परत आन ना."

"आनते, पन आठ दिवसांच्या साऱ्या नोंदी जातीन. हे शीट हाये काका, कागदच समजा. कोनीबी कुठंबी खोडते. कोनतं पानी कोनाचं, हे त्याले थोडीच समजते?"

आपल्या नावापुढे पाळी बाकी दिसली, म्हणून धनंजयने बुधवारी दुसऱ्यांदा पाणी घेतलं होतं. टिकारामने तेव्हाच अडवलं होतं, तर "ॲपमंधी हाये ना!" म्हणून भुपेंद्रनेच त्याला गप्प केलं होतं. आता पाणी काही परत घेता येत नाही. तलावात जेमतेम एका बांधीपुरतं उरलं होतं.

"लिही पोरी," टिकाराम म्हणाला. वरच्या टोकापासून तो एकेक नाव सांगत गेला, मनाली भरत गेली. कुठेही अडखळला नाही. भुपेंद्र मान खाली घालून ऐकत होता. बासष्ट नावांत गोदावरीबाई सोडून सगळ्यांचं पाणी झालं होतं. त्रेसष्टावं नाव टिकारामचं स्वतःचं. शेवटचं पाणी पाणकराचं, अशी गावची रीतच होती.

तिथे मात्र तो थांबला.

"माही पाळी गोदावरीबाईले लिही."

मनालीने स्क्रीन खालीवर केली. "आबाजी, आपली पाळी दुसऱ्याले द्याचा रकानाच नाई याच्यात."

"नसू दे."

दांडा फिरवून त्याने गेट उघडलं आणि फावडं घेऊन तो पाण्याच्या पुढे चालू लागला. त्याची बांधी गोदावरीबाईच्या अलीकडेच होती. त्याचंही धान पोटरीतच होतं. त्याने वाकून आपल्या बांधीचं तोंड चिखलाने बुजवलं, पायाने नीट दाबलं आणि पाणी पुढे जाईपर्यंत तो तिथेच उभा राहिला.