चैतालीकडे आलेली चिप

अंबडच्या औद्योगिक वसाहतीत वाल्मीकभाऊंचं छोटं वर्कशॉप होतं. कांद्याची प्रतवारी करणाऱ्या यंत्रांची इलेक्ट्रॉनिक कार्डं तिथे बनत आणि दुरुस्तही होत. चैताली तिथे बारा वर्षं होती. कार्डावरची चिप जुनी, पण धुळीत आणि उन्हात निमूट चालणारी. तिचे प्रोग्राम तयार करायला चैताली मुक्त सॉफ्टवेअरमधली तीन साधनं वापरायची. असेंब्लर लिहिलेल्या सूचना चिपच्या आकड्यांत उतरवायचा, लिंकर सुटे तुकडे जोडून प्रत्येकाला पत्ता द्यायचा, आणि चालता प्रोग्राम मध्येच थांबवून आत डोकावायला डीबगर. तयार मिळणाऱ्या संचांमध्ये या चिपला कोणी विचारत नसे, म्हणून मूळ सोर्स कोड उतरवून ती ही साधनं स्वतःच बिल्ड करायची, म्हणजे त्या कोडातून चालती साधनं तयार करायची.

फेब्रुवारीत ही साधनं सांभाळणाऱ्या प्रकल्पाच्या मेलिंग लिस्टवर एक पत्र आलं. या चिपकडे सात वर्षांत कोणी पाहिलेलं नाही, त्रेचाळीस चाचण्या नापास होतात, तेव्हा पुढच्या आवृत्तीतून तिला काढून टाकावं. पत्र हेन्रिक नावाच्या वयस्क गृहस्थांचं होतं. प्रकल्पाचा बराचसा भार तेच वाहत होते.

वाल्मीकभाऊ म्हणाले, आपल्याकडे जुनी आवृत्ती आहेच, तिच्यावर भागवू. चैतालीला ते पटेना. जुना कोड नव्या संगणकावर बिल्ड करताना दरवर्षी कुठे ना कुठे अडत होता, आणि एक दिवस तो कायमचा अडणार हे तिला दिसत होतं. तिने हेन्रिकना विचारलं, चिप राहावी म्हणून काय करावं लागेल? दुसऱ्याच दिवशी उत्तर आलं. दर आठवड्याला ताजा कोड बिल्ड करा, चाचण्यांचे निकाल कळवा, नापास चाचण्या एकेक करून सुधारा. खाली एक ओळ जोडली होती: काम कंटाळवाणं आहे, आधीच सांगून ठेवतो.

चैतालीला मात्र ते मानवलं. मखमलाबादला तिच्या वडिलांची, दत्तूंची, गुलाबाची शेती होती. सकाळी बिल्ड सुरू करून ती ओट्यावर त्यांच्यासोबत फुलांच्या जुड्या बांधायला बसायची. पाऊण तासाने उठून पाहावं तर कधी सगळं नीट झालेलं असायचं, कधी तिसऱ्या मिनिटालाच थांबलेलं. तिची पहिली दुरुस्ती हेन्रिकनी परत पाठवली, कारण बदल का केला ते तिने लिहिलं नव्हतं. दुसऱ्यांदा चाचणी जोडली नव्हती म्हणून. तिसऱ्यांदा त्यांनी ती घेतली. एप्रिलअखेर नापास चाचण्या एकोणीसवर आल्या.

मे महिन्यात लासलगावहून एका व्यापाऱ्याचा फोन आला. त्याच्या मागणीवरून चैतालीने प्रोग्राममध्ये कांद्याची चौथी प्रत वाढवली होती, आणि तेव्हापासून यंत्र बारीक कांदा, म्हणजे गोल्टी, थेट मोठ्या कांद्याच्या क्रेटमध्ये टाकत होतं. वाल्मीकभाऊंना वाटलं, ही नव्या आवृत्तीच्या नादाची फळं. त्यांनी जुन्या साधनांनी प्रोग्राम करून घेतला आणि स्वतः जाऊन कार्डात भरला. गोल्टी तरीही मोठ्यातच पडली. परत येऊन त्यांनी ते चैतालीला सांगितलं.

"भाऊ, उद्या मी जाते," चैताली म्हणाली. "चूक प्रोग्राममध्ये नाही. लिंकरमध्ये असावी, आणि जुन्यातही तीच असावी."

"सापडेल?"

"सोर्स आपल्याकडे आहे. सापडेल."

व्यापाऱ्याच्या खळ्यावर तिने कार्डाला लॅपटॉप जोडला. चांगुणाबाई तिथे कांदा निवडायच्या. चैतालीने सांगितल्यावर त्या एक गोल्टी पट्ट्यावर सोडायच्या, आणि चैताली डीबगरमधून प्रोग्राम एकेका सूचनेवर थांबवून पाहायची. असे तीसेक कांदे गेले. चांगुणाबाईंचा हात एकदाही चुकला नाही.

"मला तर हातात घेतल्याबरोबर कळतंय," त्या म्हणाल्या. "त्याला का कळंना?"

"त्यालाही कळतंय मावशी. पण गोल्टीचं दार उघडायच्या जागी तो पोचतच नाही."

दुपारपर्यंत उलगडा झाला. जागा वाचवायला लिंकर लांब उडीच्या, म्हणजे प्रोग्रामला एका पत्त्यावरून दुसऱ्यावर नेणाऱ्या, सूचना आखूड करायचा. तसं केलं की त्यानंतरचा सगळा कोड अलीकडे सरकतो, आणि नोंदलेले पत्ते बदलावे लागतात. उड्यांचे पत्ते ठेवणाऱ्या एका प्रकारच्या तक्त्यातले पत्ते बदलायचे तो विसरत होता. प्रोग्राम दोन घरं पुढे उतरायचा आणि गोल्टीचं दार उघडायची सूचना मागे राहायची. प्रोग्राम लहान होता तोवर ही वेळच आली नव्हती. चैतालीने लिंकरमध्ये नऊ ओळी घातल्या आणि तो बिल्डला लावला. तोवर ती आणि चांगुणाबाई सावलीत भाकरी खायला बसल्या. नंतर प्रोग्राम नव्याने जोडून कार्डात भरला. चांगुणाबाईंनी मूठभर गोल्टी सोडली आणि ती आपल्या क्रेटमध्ये टपटप पडली. त्यांनी मान डोलावली व पुढचं पोतं ओढलं.

ती दुरुस्ती पाठवल्यावर उरलेल्या एकोणीसपैकी बारा चाचण्या एकदम पास झाल्या. हेन्रिकचं उत्तर छोटं होतं. हा कोड त्यांनीच अकरा वर्षांपूर्वी लिहिला होता, तेव्हा चूकही त्यांचीच. आभार. चिप काढण्याचा प्रस्ताव त्यांनी मागे घेतला होता आणि विचारलं होतं, ती तुमच्या नावावर करू का?

वाल्मीकभाऊंनी ते पत्र समजावून घेतलं आणि दर गुरुवारची दुपार तिला या कामासाठी मोकळी करून दिली.

जुलैत नवी आवृत्ती आली. देखभाल करणाऱ्यांच्या यादीत चिपच्या नावापुढे चैतालीचं नाव होतं. तिने ते दत्तूंना दाखवलं. त्यांनी चष्मा लावून इंग्रजी अक्षरं एकेक करून जुळवली आणि तिचं नाव आपल्या तोंडाने वाचलं.

"मंग आता काय करायचं असतं?"

"जगात कुठेही या चिपचं काही अडलं की लोक मला कळवणार, दादा. मी बघायचं."

"जोडीला कोन हाय?"

"सध्या कोणी नाही."

दत्तूंनी चष्मा काढला. "मंग एखादं मानूस तयार कर," ते म्हणाले. "लय वर्सं चालायचं काम दिसतंय हे."

हे तिच्या मनात आलंच नव्हतं. वर्कशॉपमध्ये काम करणाऱ्या दिशाला डीबगरची गोडी होती. येत्या गुरुवारी तिला शेजारी बसवायचं, असं चैतालीने तिथेच ठरवलं आणि ती बिल्ड पाहायला आत गेली.